विमान घ्यायचंय? आधी वही काढ

गेल्या रविवारी भाचा रामबागेतल्या आमच्या घरी आला तो मोबाइल पुढे करूनच. पोहे ताटलीत निवत राहिले. पडद्यावर एका जुन्या अमेरिकी विमानाची जाहिरात होती. एक इंजिन, चार खुर्च्या, आत ओढून घेता येणारी चाकं आणि ठळक अक्षरांत वेग: १७५ नॉट. किंमत त्याने रुपयांत करून ठेवली होती. ती इंदूरच्या बऱ्या वस्तीतल्या फ्लॅटएवढी भरत होती. त्याचा पिथमपूरला सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइकं पुण्याकडे आणि जळगावला, सासुरवाडी कोल्हापूरची. वैमानिकाचा खासगी परवाना त्याने दोन वर्षांपूर्वी काढला, तेव्हापासून स्वतःचं विमान हा एकच ध्यास.

"मामा, पुणे दीड तासात. हिशेब बरोबर आहे ना?"

हिशेब बरोबर होता, पण तो विमानाचा हिशेब होता, त्याच्या प्रवासाचा नव्हता. मी तरुणपणी इथेच उडायला शिकलो आणि बरीच वर्षं परवाना सांभाळला. त्या काळात मी वेगासाठी विमान घेणारे पाहिले, आणि तेच विमान दोन वर्षांत हँगरमध्ये धूळ खाताना पाहिलं. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. स्वतःच्या प्रवासासाठी, हात राखून खर्च करायचा आहे आणि तरी वेगवान विमान हवं आहे, अशा कुणालाही ते कामाचं आहे.

मी त्याला पहिल्यांदा वही काढायला लावली. गेल्या वर्षभरात तू खरोखर कुठे कुठे गेलास, किती वेळा, सोबत कोण होतं, ते लिही. जायची इच्छा असलेल्या गावांची यादी नको, झालेल्या फेऱ्यांची हवी. त्याच्या वहीत जळगाव अकरा वेळा निघालं, पुणे नऊ वेळा, कोल्हापूर दोनदा.

आता सरळ रेषेत अंतरं बघू. हवेतलं अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. इंदूर ते जळगाव हवेतून सुमारे १९५ किलोमीटर, म्हणजे १०५ नॉटिकल मैल. पुणे सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे २७०. कोल्हापूर ६९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३७३.

फ्लाइंग क्लबात ज्याच्यावर आपण सगळे शिकतो ते सेसना १७२ प्रवासात ११५ नॉटच्या आसपास चालतं, ताशी २१३ किलोमीटर. ते जळगावला ५५ मिनिटांत पोचवेल. १५५ नॉटचं विमान ४१ मिनिटांत, १७५ नॉटचं ३६ मिनिटांत. म्हणजे त्याच्या सर्वांत जास्त फेऱ्यांमध्ये १५५ आणि १७५ नॉट यांच्यातला फरक पाच मिनिटांचा. पुण्याला तो बारा मिनिटांचा होतो: एक तास पंचेचाळीस मिनिटं आणि एक तास तेहतीस मिनिटं. कोल्हापूरला मात्र सेसनाला सव्वातीन तास लागतात आणि १५५ नॉटच्या विमानाला दोन तास चोवीस मिनिटं. तिथे वेगाचा अर्थ कळतो. सव्वातीन तास त्या लहानशा खुर्चीत, कानाला हेडफोन लावून, मागे मूल कंटाळलेलं असताना बसणं आणि अडीच तासांच्या आत उतरणं यांत फार अंतर आहे.

यात जमिनीवरचा वेळ धरलेला नाही. घरापासून विमानतळ, सुरक्षा तपासणी, विमानाभोवती फिरून करायची पाहणी, फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षण खात्याच्या परवानगीचा एडीसी नंबर, टॉवरची परवानगी, आणि पलीकडे उतरल्यावर विमान बांधून गाडी मिळवणं. दोन्ही टोकांचे मिळून दीड-दोन तास धरा. कोणतंही विमान घेतलं तरी हे तास कमी होत नाहीत.

एवढं झाल्यावर तो म्हणाला, "पण मामा, वेग जास्त असला तर वाईट काय?"

वाईट काहीच नाही, पण तो फार महाग मिळतो, आणि याचं कारण बाजारात नाही, हवेत आहे. विमान पुढे जाताना हवा त्याला मागे ढकलते. वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने वाढते. आकड्यांत बघा. सेसना १७२ च्या आताच्या रूपात १८० अश्वशक्तीचं इंजिन आहे. पूर्ण जोर लावला तर ते सव्वाशे नॉट गाठतं. त्याच विमानाला त्याच्या दीडपट, १८८ नॉट, पळवायचं असेल तर इंजिन दीडपट मोठं लावून भागत नाही. दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे ३.३७५ पट शक्ती लागेल. सहाशेच्या वर अश्वशक्ती! उलट बाजूने, इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी वेग फक्त २६ टक्के वाढेल. सायकलवर समोरून वारा आला की आपण हे मांड्यांमध्ये अनुभवतो. थोडा वेग वाढवायला जावं तर दम निघतो.

मग वेगवान विमानं बनतात कशी? हवेला कमी अडून. या बाबतीत मुनी या अमेरिकी विमानाची गोष्ट मला फार आवडते. अल मुनी यांनी रचलेलं एम-२० हे विमान १९५० च्या दशकातलं. अरुंद शरीर, बसकं छत, पाय पुढे पसरून बसायचं. पुढे त्यांच्या एम-२०-एफ या मॉडेलला लायकमिंग कंपनीचं २०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९७० च्या दशकात रॉय लोप्रेस्ती या अभियंत्याने तेच विमान घेतलं आणि इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनेही न वाढवता त्याचा वेग वाढवायचं ठरवलं. समोरची काच जास्त कलती केली. इंजिनावरचं आवरण नव्याने घडवलं. पंखांच्या फटी बुजवल्या, बिजागऱ्या झाकल्या, चाकांची दारं नीट बसवली. एकेक जागा शोधून हवा अडकण्याचं कारण काढून टाकलं. त्यातून १९७७ चं एम-२०-जे आलं. त्याचं दुकानातलं नाव २०१, कारण त्याचा कमाल वेग तासाला २०१ मैल होता. दोनशे अश्वशक्तीत दोनशे एक मैल. इतकी वर्षं झाली तरी कमी पैशांत वेग म्हटलं की वैमानिक याच विमानाचं नाव घेतात, आणि भाच्याच्या मोबाइलवर तेच होतं. मात्र १७५ नॉट हा त्याचा समुद्रसपाटीवर पूर्ण जोर लावल्यावरचा कमाल वेग. रोजच्या प्रवासात १५५ धरावे. जाहिरातीतला वेग आणि प्रवासातला वेग यांतला हा फरक प्रत्येक विमानाच्या बाबतीत विचारून घ्यायचा.

आता इंधन. आपण गाडी घेताना पहिला प्रश्न विचारतो, ॲव्हरेज किती देते? विमानाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, सगळे ताशी किती लिटर ते विचारतात आणि फसतात. सेसना १७२ तासाला साधारण ३४ लिटर पितं. मुनी २०१ साधारण ३८ लिटर. ताशी बघितलं तर मुनी जास्त खाऊ वाटतं. पण पुण्यापर्यंत सेसनाला ८० लिटर लागतील आणि मुनीला ६६, कारण ते लवकर पोचतं. लिटरमागे सेसना सव्वासहा किलोमीटर देतं, मुनी साडेसात. जास्त वेग आणि कमी इंधन एकत्र मिळू शकतं, ते असं: वेग इंजिनाच्या ताकदीतून न येता शरीराच्या घडणीतून आला असेल तर. हाच वेग मोठ्या इंजिनातून आला की चित्र उलटतं. बीचक्राफ्ट बोनान्झा किंवा सिरस एसआर-२२ ही सहा सिलिंडरची, तीनशे अश्वशक्तीच्या आसपासची विमानं. १७० ते १८० नॉट देतात, पण तासाला साठ लिटरच्या घरात पितात. पुण्यापर्यंत नव्वद-पंचाण्णव लिटर. शेवटच्या वीस नॉटांसाठी इंधन जवळजवळ दीडपट, आणि इंजिन दुरुस्तीला आलं की चारऐवजी सहा सिलिंडरचा खर्च.

बोनान्झाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण स्वस्तात वेग शोधणाऱ्याला जाहिरातींत ते हमखास भेटतं. १९४७ मध्ये आलेलं हे विमान, फार देखणं. जुन्या मॉडेलची शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, दोनच पात्यांची. चालवायला इतकं गोड की नवखा माणूस स्वतःला तयार समजतो. ढगात दिशाभान गेलं की ते नाक खाली घालून झपाट्याने वेग घेतं, आणि मग घाबरून जोरात वर ओढलं की रचनेवर नको तेवढा ताण येतो. असे अपघात होत गेले, आणि पुढे शेपटीला बळकटी देणं सक्तीचं झालं. त्या शेपटीच्या हलत्या भागांवरचा पत्रा मॅग्नेशियमचा आहे. त्याला गंज लवकर धरतो आणि बदली भाग सहज मिळत नाहीत. सरळ शेपटीचं बोनान्झा उत्तम विमान आहे. व्ही शेपटीचं मी भाच्याला घेऊ देणार नाही.

चाकं आत ओढली जाणारी हवीत की कायमची बाहेर? आत गेलेली चाकं हवेला अडवत नाहीत, हा फायदा उघड आहे. पण त्याबरोबर मोटर, दांडे, स्विच, दारं, दर वर्षी विमान उचलून घ्यायची चाचणी आणि विम्याचा वाढलेला हप्ता येतो. आणि विसरण्याची भीती कायमची. एका धावपट्टीवर मी चाकं न काढता उतरलेलं विमान पाहिलं आहे. आतल्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पण पंख्याची पाती वाकली, आणि फिरता पंखा जमिनीला लागला की इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. सिरसने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. चाकं बाहेरच ठेवली, त्यांवर गुळगुळीत टोप्या चढवल्या, शरीर काचतंतूंच्या मिश्रणातून बिनरिव्हेटचं केलं, आणि तरी १८० नॉट गाठले. शिवाय अख्ख्या विमानाला खाली आणणारं पॅराशूट दिलं. घरच्यांना हे पॅराशूट ऐकून धीर येतो, आणि तो रास्त आहे. फक्त ते दर दहा वर्षांनी बदलावं लागतं आणि तो खर्च मोठा असतो. जुनं सिरस स्वस्त मिळत असेल तर त्याची दहा वर्षं कधी भरतात ते आधी बघावं.

वेगाइतकाच वजनाचा हिशेब करा. माझ्या मते तो आधी करायचा. मुनी २०१ जास्तीत जास्त १,२४३ किलो वजन घेऊन उडू शकतं. त्यातलं विमानाचं स्वतःचं वजन ८०० किलोच्या आसपास. उरले सुमारे ४४० किलो. टाक्यांत २४२ लिटर पेट्रोल मावतं, आणि विमानाचं पेट्रोल लिटरला ०.७२ किलो भरतं, म्हणजे १७४ किलो. आता माणसांना आणि सामानाला राहिले २७० किलोच्या आत. भाचा ८२, त्याची बायको ६०, माझी बहीण ६८, मुलगा ३५. झाले २४५. कोल्हापूरहून येताना गुळाची ढेप आणि मसाल्याचे डबे यायचेच, बॅगा वेगळ्या. चार खुर्च्या म्हणजे चार माणसं, हा समज इथे मोडतो. पण टाकी काठोकाठ भरायची सक्ती नाही. पुण्यापर्यंतचं, चढाईचं, दुसऱ्या विमानतळाकडे वळावं लागलं तर त्याचं आणि पाऊण तासाच्या राखीवचं धरून १३० लिटर घेतलं तर ऐंशी किलो मोकळे होतात. ही देवघेव प्रत्येक उड्डाणाआधी कागदावर करायची. ज्याला ते जमत नाही किंवा लाज वाटते, त्याने पाहुण्यांना नेऊ नये.

वजनाच्या जोडीला आपला मे महिना. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, साधारण १,८५० फूट. एवढ्या उंचीला ठरावीक मोजमापाप्रमाणे ११ अंश तापमान धरतात. दुपारी पारा ४२ वर असला की हवा फुगून इतकी विरळ होते की जमिनीवर उभं असलेलं विमान साडेपाच हजार फुटांवर उभं असल्यासारखं वागतं. इंजिनाला श्वासात कमी हवा मिळते आणि साधारण सहावा हिस्सा ताकद जाते. पंखांना हवा कमी, पंख्याला हवा कमी. धाव दीडपट सहज होते. आपल्या विमानतळाची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची, तिथे हे कळत नाही. लहान पट्टीवर कळतं. मी एकदा मे महिन्यात दुपारी दोन मित्रांना आणि त्यांच्या बॅगांना घेऊन एका छोट्या पट्टीवरून निघालो. पट्टीच्या टोकाची बाभळीची झाडं मी एवढ्या जवळून पुन्हा कधी पाहिली नाहीत. त्या दिवसापासून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उडायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. हवाही सकाळी शांत असते, दुपारी माळव्याची तापलेली जमीन विमानाला खलबत्त्यातल्यासारखं कुटते.

आतापर्यंतचं सगळं कोणत्याही देशात खरं आहे. आपल्याकडे त्याच्यावर आणखी काही गोष्टी येतात, आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

वर सांगितलेली मुनी, बोनान्झा, सिरस ही विमानं ॲव्हगॅस नावाच्या खास पेट्रोलवर चालतात, निळसर रंगाचं, शिसं मिसळलेलं. ते आपल्याकडे बाहेरूनच यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या आपल्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, ही या छंदासाठी फार मोठी गोष्ट झाली. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. जिथे फ्लाइंग क्लब किंवा प्रशिक्षण संस्था आहे तिथे मिळण्याची आशा असते. मोठ्या विमानांचं एटीएफ, म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच, ते मात्र प्रवासी विमानं उतरतात तिथे जवळपास सगळीकडे मिळतं. पेट्रोलच्या इंजिनात ते चुकूनही घालायचं नाही, चढाईतच इंजिन बंद पडेल. भरताना स्वतः समोर उभं राहावं.

यासाठी मी भाच्याच्या वहीत आणखी एक नाव लिहिलं: डायमंड डीए-४० एनजी. हे ऑस्ट्रियाचं विमान आहे. त्याचं १६८ अश्वशक्तीचं इंजिन मर्सिडीजच्या मोटारीतल्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनावरून घडवलेलं आहे आणि ते एटीएफ पितं, तासाला पंचवीस लिटरच्या आत-बाहेर. प्रवासात १३० नॉट धरा. पुण्याला दोन तास पाच मिनिटं, पन्नास लिटर. म्हणजे लिटरला दहा किलोमीटर! मुनीपेक्षा वीस मिनिटं उशीर. पण पलीकडे इंधन मिळेल का, या चिंतेत जाणारा वेळ वाचतो. ही विमानं आपल्या प्रशिक्षण संस्थांमध्ये रोज उडतात. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत डायमंडची विमानं आहेत. म्हणून त्यांना हात लावलेले एएमई, म्हणजे विमानदुरुस्तीचे परवानाधारक अभियंते, आणि सुटे भाग देशात सापडतात. मुनीच्या कारखान्यात २०१९ पासून नवं विमान बनत नाही, आणि मुनीवर काम केलेला परवानाधारक मेकॅनिक माळव्यात कुठे शोधायचा? एक लहानसा भाग अमेरिकेहून यायला दोन महिने लागले तर ते दोन महिने वेग शून्य नॉट.

आयातीचाही विचार करा. बाहेरून आणायच्या विमानाच्या वयावर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या, अटी आहेत. १९७८ चं विमान अमेरिकेत कितीही स्वस्त दिसलं तरी इथे नोंदवता येईल का, हे त्या घडीचा नियम वाचून आणि लेखी विचारून मगच पुढे जायचं. करही जबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. भाच्याने केलेलं डॉलरचं रूपांतर इथेच कोलमडलं. भारतात आधीच व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीचं, चालू स्थितीतलं विमान मिळालं तर ते दिसायला महाग आणि असायला स्वस्त ठरू शकतं.

असं विमान बघायला जाल तेव्हा रंग आणि गादी बघू नका, लॉगबुक बघा. लायकमिंगच्या या इंजिनांचं ओव्हरहॉल साधारण २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी करायला कंपनी सांगते. विकणारा म्हणतो, फक्त ६०० तास झालेत. विचारा, किती वर्षांत? लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारी दांडी, वरच्या बाजूला असते. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की तिच्यावरचं तेल निथळून जातं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिला गंज धरतो. पंधरा वर्षांत ६०० तास उडालेलं इंजिन सहा वर्षांत १,२०० तास उडालेल्यापेक्षा मला जास्त संशयास्पद वाटतं. विमान किनाऱ्यालगत राहिलं असेल तर पंखांच्या आतून आरसा घालून बघून घ्या. पाहणी करणारा एएमई विकणाऱ्याचा नको, तुमचा हवा.

उंचीवरच्या विरळ हवेत इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर लागेल का, असंही त्याने विचारलं. नाही. आपल्याला विंध्य आणि सातपुडा ओलांडायचा, हिमालय नाही. आठ हजार फुटांवर साधं इंजिन समाधानाने चालतं.

ऑटोपायलट मात्र हवाच. दहा नॉट कमी चालतील. एकटा माणूस रेडिओवर बोलत, नकाशा बघत, इंधन मोजत असतो, तेव्हा विमान सरळ धरणारा दुसरा हात जीव वाचवतो.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर एका इंजिनाच्या लहान विमानाने ढगांशी बरोबरी करायची नाही, ते १५० नॉटचं असो की २०० चं. मोसमी ढगांच्या थरात गडगडाटी ढग लपलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. भाच्याकडे अजून इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी, नाही. तो नजरेवर उडतो, त्यामुळे संध्याकाळ झाली की त्याचा दिवसही संपतो. म्हणजे वर्षाचे आठ महिने, आणि त्यांतले उजेडाचे तास. विमानावर खर्च करायच्या पैशांतला एक वाटा या रेटिंगसाठी बाजूला काढ, असं मी त्याला सांगितलं. माझ्या दृष्टीने तो कोणत्याही वीस नॉटांपेक्षा मोलाचा आहे.

राहिला दर वर्षीचा खर्च. विमान उडो न उडो, हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, कागदपत्रं चालूच राहतात. समजा हा ठरलेला खर्च वर्षाला १५ लाख झाला. पन्नास तास उडवलं तर इंधनाआधीच ताशी ३० हजार. दीडशे तास उडवलं तर १० हजार. त्याच्या वहीतल्या बावीस फेऱ्या येऊनजाऊन पंचावन्न ते सत्तर तास होतात, पावसाळ्यातल्या वजा केल्या तर चाळीसच्या आसपास. एकट्याने विमान ठेवायला हे कमी आहेत. तिघांनी मिळून घेतलं तर विमान उभं राहत नाही, इंजिन गंजत नाही, आणि भार वाटला जातो. फक्त भागीदार निवडताना त्यांचा बँकेतला शिल्लक आकडा जितका बघाल तितकंच तो माणूस उड्डाणाआधी किती वेळ पाहणी करतो तेही बघा.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले तेव्हा त्यांचं पस मॉथ हे एकाच इंजिनाचं, प्रवासासाठी बनवलेलं छोटं विमान होतं. वेग तासाला शंभर मैलांच्या आसपास. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग मोबाइलवरची ती जाहिरात त्याने बंद केली.

वहीचं शेवटचं पान आता असं आहे. मुनीसमोर प्रश्नचिन्ह. डीए-४० समोर दोन फोन नंबर. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसमोर ऑक्टोबर. भागीदारांची दोन नावं, त्यातल्या एकाखाली रेघ. आणि खाली त्याच्या अक्षरात, सगळ्यांची वजनं, बहिणीचंसुद्धा, ६८ खोडून ७१ केलेलं.